पाटीवर नसलेली नावं

परतवाडा सुटलं की संत्र्याच्या बागा थोडा वेळ सोबत करतात आणि मग समोर डोंगर उभा राहतो. पुण्याहून सह्याद्रीकडे जाताना चढ कसा हळूहळू जाणवत जातो. इथे तशी काही पूर्वसूचना नाही. काळी सपाटी जिथे संपते तिथेच सातपुड्याची गाविलगड रांग सुरू होते. "आता पुढं येऊन बसा जी, मागं गरगरते," असं आमच्या वऱ्हाडी ड्रायव्हरने सांगितलं, आणि तिसऱ्या वळणावर त्याचं म्हणणं पटलं.

या उभ्या डोंगराचं कारण भूगर्भात आहे. इथून एक मोठा भ्रंश जातो. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली, उत्तरेची वर राहिली. खचलेल्या भागात पूर्णा नदीने आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांनी युगानुयुगं गाळ आणून भरला, आणि त्या गाळातलं पाणी खारं निघालं. अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा तो हाच. दर्यापूरच्या शेतकऱ्याच्या विहिरीला खारं पाणी का लागतं आणि चिखलदऱ्यात मे महिन्यातही रात्री पांघरूण का लागतं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं शोधायला एकाच भेगेपाशी जावं लागतं. जुन्या वऱ्हाडात खालच्या मुलखाला पायनघाट म्हणत आणि वरच्याला मेळघाट. मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. नाव अगदी चपखल आहे. वर पोचल्यावर पठार लागेल या आशेने माणूस चढतो, तर पुढे दुसरा घाट उतरायला तयार असतो.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण १,११८ मीटर उंचीवर. विदर्भातलं हे एकमेव थंड हवेचं ठिकाण, असं शाळेत पाठ केलेलं. नावाची कथा इथला प्रत्येक माणूस सांगतो, आणि ऐकायची तयारी नसली तरी सांगतो. पांडव अज्ञातवासात विराट राजाकडे होते. कीचकाने द्रौपदीची छेड काढली. भीमाने त्याला मारून या दरीत फेकलं. तो कीचकदरा, त्याचा झाला चिखलदरा. मग भीमाने हात धुतले ते भीमकुंड, आणि राजा विराटाचं ते वैराट. हे वैराट आसपासचं सर्वांत उंच टोक, १,१७८ मीटर.

कथा छान आहे, पण विराटनगरी आपल्याकडे बऱ्याच गावांनी वाटून घेतली आहे. वाईकरही ती आपलीच म्हणतात. 'कीचक'चं 'चिखल' व्हायला अक्षरांनी बऱ्याच कोलांट्या उड्या माराव्या लागतात; भाषेत असल्या उड्या होतच नाहीत असं नाही. मात्र जुलैमध्ये इथे आलेला आणि घोट्यापर्यंत रुतलेला माणूस कीचकाला मध्ये आणण्याची गरज आहे का, असा विचार नक्की करतो.

इंग्रज आले ते कथा ऐकायला नव्हे, हवा खायला. १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने ही जागा 'शोधून काढली' अशी नोंद सगळीकडे सापडते. ज्या डोंगरावर गवळ्यांची म्हसरं चरत होती आणि शेजारी चारशे वर्षांचा किल्ला होता, तो डोंगर शोधावा कसा लागला, हे मला कधी कळलेलं नाही. पण त्यानंतर इथे बंगले आले, कॉफी आली आणि 'पॉइंट' आले. कॉफी अजून आहे. महाराष्ट्रात कॉफी पिकते म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग पुडी विकत घेतात. पॉइंटही आहेत. एकाचं नाव हरिकेन पॉइंट, तिथला वारा एकदा अंगावर घेतला की त्या नावाला माझी हरकत नाही. एक पंचबोल, जिथे हाक मारली की दरी पाच वेळा उलटून बोलते. शनिवारी-रविवारी तिथे इतके लोक एकाच वेळी ओरडत असतात की दरीचं उत्तर कोणाला कळणार? मंगळवारी सकाळी जावं.

पॉइंटांच्या पाट्या निळ्या-पांढऱ्या, ठळक आहेत. मला त्या पाट्यांवर नसलेल्या नावांत जास्त रस. गाविलगड, मोथा, सेमाडोह, सिपना ही नावं बघायला कोणी गाडी थांबवत नाही. या डोंगराचा इतिहास मात्र त्यांच्यातच मुरला आहे.

गाविलगडचं उघड आहे, गवळ्यांचा गड. किल्ला बांधायच्या आधीपासून इथल्या कुरणांवर गवळ्यांची सत्ता होती आणि एका अर्थी ती अजून आहे. परतवाड्याकडून येताना चिखलदऱ्याच्या अलीकडे मोथा लागतं. म्हशींचं गाव. रस्त्याकडेच्या एका ओसरीवर चुलीवर लोखंडी कढई होती आणि समोर एक आजी बसलेल्या. त्यांचा हात थांबत नव्हता. दूध आटतं तेव्हा कढईच्या कडेला साय चिकटते. ती पोळायच्या आत खरवडून पुन्हा दुधात ढकलायची, तळ लागू द्यायचा नाही, आणि जाळ कधी ओढून घ्यायचा ते बुडबुड्यांच्या आवाजावरून ओळखायचं. बुडबुडे आधी पातळ फुटतात, मग जड, मग नुसतेच धपापतात. म्हशीच्या पाचेक लिटर दुधाचा किलोभर खवा. मी घड्याळ बघतोय हे आजींच्या लक्षात आलं. "घाई असन त दूध प्या," त्या म्हणाल्या.

खव्याचंही भूगोलाशी नातं आहे. घाट आडवा असताना रोज दूध खाली बाजारात नेणं परवडणारं नव्हतं, आणि उन्हाळ्यात तर ते पोचेपर्यंत नासायचं. आटवून पाचव्या हिश्शावर आणलं की टोपलीतून नेता येतं आणि टिकतंही. चिखलदऱ्याचा खवा प्रसिद्ध झाला त्यात चाऱ्याइतकाच घाटाचाही हात आहे.

किल्ला गावापासून अगदी जवळ आहे, पण तो आता व्याघ्र प्रकल्पाच्या रानात येतो, त्यामुळे उजेड असतानाच बाहेर पडावं लागतं. फिरिश्ता या इतिहासकाराने बहमनी सुलतान अहमदशाहाला या किल्ल्याचं श्रेय दिलं आहे. काळ १४२५-२६ च्या आसपासचा. बहमनी राज्याची शकलं झाली तेव्हा वऱ्हाड आलं फतहुल्ला इमादुलमुल्ककडे, आणि किल्ल्यावर त्याने मोठं काम केलं. हा माणूस मूळचा विजयनगरच्या मुलखातला, कानडी हिंदू घरातला. लढाईत लहानपणी कैद झाला, मुसलमान म्हणून वाढला आणि शेवटी अचलपूरच्या गादीवर स्वतंत्र राजवंश सुरू करून गेला. अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही आपल्याला पाठ असते. वऱ्हाडची इमादशाही मात्र बरेचदा एका ओळीत उरकली जाते.

ही ओळख डोक्यात ठेवून दिल्ली दरवाज्यासमोर उभं राहावं. घाईत आलेले लोक कमानीखालून निघून जातात. थांबून वर पाहिलं की सिंह दिसतात, आणि मग दिसतो तो गंडभेरुंड. एक धड, दोन माना, दोन चोची विरुद्ध दिशांना वळलेल्या. त्याच्यापुढे हत्ती इतके चिमुकले की उंदीर वाटावेत. ते त्याने नुसते धरून ठेवलेत. दगडावर काळ्या-करड्या शेवाळाचे पापुद्रे आहेत, तरी पिसांच्या ओळी बोटांनी मोजता येतील इतक्या स्वच्छ. गंडभेरुंड हे कर्नाटकाचं जुनं चिन्ह. आजच्या कर्नाटक सरकारच्या मुद्रेवरही तोच पक्षी आहे. सातपुड्याच्या टोकावर, एका मुसलमान सरदाराच्या किल्ल्यावर तो का आला, याचं उत्तर अनेक अभ्यासक फतहुल्लाच्या मुळाकडे बोट दाखवून देतात. माझाही विश्वास या पक्ष्यावर बसतो. बालपणी हिरावलेल्या गावाची खूण दरवाज्यावर कोरून घेणारा माणूस मला दिसतो. हे अर्थात माझं वाचन.

किल्ल्याची रचना जोडकिल्ल्यासारखी आहे. बाहेरचा कोट, मग दरी, मग आतला मुख्य कोट. दक्षिणेकडे ताशीव कडा. फक्त उत्तरेकडून चिंचोळ्या जमिनीने तो डोंगराशी जोडलेला. तलाव आहेत, मोठी मशीद आहे, माणसांपेक्षा उंच गवत आहे. अशा किल्ल्याला तटांपेक्षा त्याच्या आडवाटेपणाचं संरक्षण अधिक. हे संरक्षण १८०३ मध्ये कामाला आलं नाही, कारण समोरच्याने वाट काढायचंच ठरवलं होतं.

त्या वर्षीच्या इंग्रज-मराठा युद्धात २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली, २९ नोव्हेंबरला अडगावची. नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या फौजेतले उरलेले लोक गाविलगडावर आले. पाठोपाठ इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली आला. त्याने स्वतः दक्षिणेच्या बाजूने देखावा उभा केला आणि आपल्या सहकारी अधिकाऱ्याला, स्टीव्हन्सनला, तोफा घेऊन डोंगराच्या आतून, वळसा घालून, उत्तरेला पाठवलं. ज्या घाटांत आजही मालमोटार धापा टाकते त्या घाटांतून, रस्ता तोडत तोडत, वजनदार तोफा ओढून नेणं हा या वेढ्याचा खरा पराक्रम, लढाई त्यानंतरची. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला खिंडार पडलं. आत शिरलेल्या गोऱ्या सैनिकांना कळलं की आतला कोट तसाच शाबूत आहे आणि त्याचा दरवाजा बंद आहे. तेव्हा कॅम्पबेल नावाच्या कॅप्टनच्या तुकडीने दरीच्या पलीकडच्या चढावर शिड्या लावल्या, तट ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंह लढताना पडला. किल्ल्यातल्या जोहाराची हकिकत इंग्रजांच्या लिखाणातही येते. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, खाली देवगावला तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं. गंमत म्हणजे गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले त्या तहात भोसल्यांना परत मिळाले.

बारा वर्षांनी याच वेलस्लीने, आता ड्यूक ऑफ वेलिंग्टन होऊन, वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. त्यामुळे इंग्रजी वाचकाला गाविलगड आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. बर्नार्ड कॉर्नवेलची 'शार्प्स फोर्ट्रेस' ही अख्खी कादंबरी या वेढ्यावर आहे. १८५८ मध्ये तात्या टोपे दक्षिणेकडे सरकू लागले तेव्हा ते हा किल्ला धरतील या धास्तीने इंग्रजांनी त्याची मोडतोड केली. जो किल्ला घ्यायला इतके कष्ट पडले तो निकामी करायला मग फारसा वेळ लागला नसेल.

किल्ल्याच्या तटावरून उत्तरेला पाहिलं की गावं दिसत नाहीत, नुसते एकामागून एक डोंगर. तो मेळघाट व्याघ्र प्रकल्प. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले त्यांतला एक, आणि महाराष्ट्रातला पहिला. ताडोबाला गर्दी होते, मेळघाटला होत नाही. गाभा क्षेत्र १,५०० चौरस किलोमीटर. त्यातलं ३६१ चौरस किलोमीटर गुगामल राष्ट्रीय उद्यान. वाघ आहेत. पण हे डोंगर-दऱ्यांचं साग-बांबूचं रान आहे. सपाट रस्ता, उघडं तळं आणि फोटोला उभा राहिलेला वाघ असं इथे क्वचितच जुळून येतं. वाघच पाहायचा असेल तर ताडोबाला जावं, असं मी सरळ सांगतो. इथे रानगवे बघावेत, अस्वलाने मोहाच्या बुंध्यावर ओढलेली नखं बघावीत, सिपनेच्या काठचे अर्जुन बघावेत.

सिपना ही या रानाची मुख्य नदी. खापरा, गाडगा, खंडू, डोलार या तिच्या भावंडांसारखीच ती तापीकडे जाते. सेमाडोह आणि कोलकाझ या दोन्ही वस्त्या तिच्याच काठी. कोलकाझच्या विश्रामगृहाखाली ती असं वळण घेते की खुर्ची टाकून बसलं तर दुपार कशी गेली कळत नाही. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग, असं इथले लोक सांगतात. सागाच्या रानातून वाहणारी म्हणून सागनदी.

कोरकू भाषेची ओळख करून घेतल्याशिवाय हा प्रदेश अर्धाच कळतो. भोवतालच्या मराठी-हिंदीशी तिचं नातं नाही, गोंडीशीही नाही. ती मुंडा कुळातली. तिच्या बहिणी म्हणजे संथाळी, मुंडारी, हो; त्यांची घरं झारखंड-ओडिशाकडे, इथून शेकडो किलोमीटर पूर्वेला. मुंडा भाषांच्या नकाशात कोरकू हे सर्वांत पश्चिमेचं टोक आहे. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे नुसतं 'माणसं'. पाण्याला 'डा', वाघाला 'कुला'. मुंडारीतही वाघ 'कुला'च. मधली कोणती साखळी तुटली, कोण कुठून कुठे सरकलं, याबद्दल अभ्यासकांत मतं आहेत; पण तो एक शब्द दोन्ही टोकांना जिवंत आहे एवढं पुरेसं थक्क करणारं आहे.

मेळघाटचं नाव पेपरात येतं ते बहुतेक कुपोषणाच्या बातमीत. १९९०च्या दशकापासून ते येतच आहे, आणि ती बातमी खोटी नाही. पावसाळ्यात रस्ता तुटला की दवाखाना किती दूर जातो, हे घाटात एकदा अडकलेला माणूस समजू शकतो. पण वाचणाऱ्याच्या मनात मेळघाट म्हणजे फक्त हडकुळं मूल एवढंच उरतं, आणि हीसुद्धा एक पाटीच.

पाटी चुकीची लागली की काय होतं याचा सर्वांत विलक्षण दाखला इथलाच एक पक्षी देतो. रानपिंगळा, मुठीएवढं घुबड. १८७३ मध्ये ॲलन ह्यूमने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नमुना पाठवणाऱ्या ब्लेविटचं नाव त्याला दिलं. १८८४ पर्यंत आणखी काही नमुने मिळाले, बरेचसे खानदेशातले, आणि मग पक्षी नाहीसाच झाला. फक्त एक नोंद त्यानंतरची होती: १९१४, गुजरात, कर्नल माइनर्ट्‌झहागेन. लोक तिच्या भरवशावर गुजरातेत शोधत राहिले. पुढे उघडकीस आलं की या कर्नलसाहेबांनी संग्रहालयातला जुना नमुना चोरला, त्याला नव्याने पेंढा भरला आणि खोट्या ठिकाणाची चिठ्ठी बांधली. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, ती नोंद बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नमुन्यांची ठिकाणं धरली आणि २५ नोव्हेंबर १९९७ला शहाद्याजवळच्या रानात बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह त्यांना हा पक्षी दिसला. ११३ वर्षांनी. नंतर तो मेळघाटात चांगल्या संख्येने सापडला. आणि तो काही कुठे लपून बसला नव्हता. हे घुबड दिवसाढवळ्या वावरतं, निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर उन्हात बसतं.

आता थोडं अवघड. गाभा क्षेत्रातली गावं बाहेर काढण्याचं काम इथे या शतकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. कुटुंबाला १० लाख रुपये, २०२१ पासून १५ लाख. उठलेल्या गावांच्या जागी कुरण वाढलं, सांबर-गवे आले, हे मी पाहिलं आहे. खाली सपाटीवर जाऊन ज्यांचे पैसे दोन वर्षांत संपले अशी घरंही पाहिली आहेत. यातलं एक खरं मानून दुसरं खोटं ठरवायला मी तयार नाही. पण तिसरंही एक उदाहरण पायथ्याशी आहे. पायविहीर. उजाड टेकड्यांचं हे गाव. वनहक्क कायद्याखाली गावाला आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळाला, लोकांनी तिथे झाडं लावली, चराई आवरली आणि सीताफळं स्वतःच्या नावाने मुंबईपर्यंत विकली. २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अशी गावं चार-दोनच आहेत म्हणून त्यांच्यावर सगळा भार टाकू नये. पण चिखलदऱ्याला जाताना वाट वाकडी करून तिथे जरूर थांबावं.

शेवटच्या दिवशी सेमाडोहच्या पुढे आम्ही रानात होतो. फेब्रुवारी, सागाची पानं झडलेली, दुपारचे साडेतीन. गाइड कोरकू मुलगा होता, पंचविशीचा. त्याने जिप्सी थांबवली आणि नुसती हनुवटी वर केली. शेंड्यावर करड्या चेंडूसारखं काहीतरी बसलं होतं. त्याने मान वळवली, आमच्याकडे पिवळ्या डोळ्यांनी पाहिलं, शेपटी डावी-उजवीकडे हलवली आणि पुन्हा पाठ फिरवली. अंगावर ठिपके जवळजवळ नाहीत, छाती गडद, पोट पांढरं. रानपिंगळा. दहा मिनिटं आम्ही खाली आणि तो वर, कोणालाच घाई नव्हती.

परतताना गेटवर वही होती. गाडी नंबर, वेळ, पर्यटक किती, आणि 'वाघ दिसला का' असा एक रकाना. मुलाने 'नाही' लिहिलं. मग पेन हातात धरून क्षणभर थांबला, पुढे रकाना नाही हे पाहिलं, आणि समासातल्या अरुंद जागेत बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं. वही मिटून त्याने पेन खिशाला लावलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "भाऊ, उद्या मोथ्याहून येशील त अर्धा किलो खवा घेऊन येजो."